दिंडीला बॉक्स केवढा हवा?

माउली, अकोटहून पायी दिंडी निघायची म्हटली की हल्ली टाळकऱ्यांआधी छोट्या हत्तीवरचे स्पीकर मोजले जातात. थकलेल्या आजीला गाडीत टेकायला जागा नाही, पण दोन मोठे बॉक्स हवेतच! कशासाठी? मोठा बॉक्स लागतो खर्जाच्या दणक्याला, आणि तो दणका मृदंग देतोच की. आपल्याला हवा शब्द. त्याला आठ इंची स्पीकर आणि १८ मिलिमीटर प्लायवूडचा छोटा बॉक्स पुरतो. सांधे मात्र डिंक-स्क्रूने घट्ट करा, खाली रबर टाका, नाहीतर गाडीचा पत्राच भजन म्हणेल. बॉक्स उंच बांधा, तोंड मागच्या ओळींकडे.

‘वॅट वाढवू’ म्हणणाऱ्यांनी ऐकावे : वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल, अंतर दुप्पट झाले की उघड्यावर ६ उतरतो. म्हणजे वर्गणी जाते, आणि गाडीमागच्या पहिल्या ओळीचे कान फुटतात. त्या गोंगाटात विणेकऱ्याचा सूर कुणाला सापडत नाही. मागचे लोक हरिपाठ म्हणायचे सोडून नुसते चालतात. ही कसली वारी? दवाखान्याभोवतीचा १०० मीटरांचा परिसर सरकार कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते, हेही आपल्याला पोलिसांनीच सांगावे काय?

यंदा सुताराकडे जाल तेव्हा मोजमाप मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला विचारून द्या.