बोलपटांतील वाक्यांचे धनी

म्हण कोणीं रचिली हें कोणास ठाऊक नसतें, आणि त्यांत कोणावर अन्याय होतो असेंहि नाहीं. ती शेंकडों तोंडांतून घडत आलेली असते. बोलपटांतलें वाक्य तसें नव्हे. तें एका माणसानें, एका विवक्षित प्रसंगासाठीं, कागदावर लिहिलेलें असतें. असें असतां आमच्या सुशिक्षित घरांतून हीं वाक्यें म्हणींसारखीं फेंकलीं जातात. तीं कोणत्या नटाच्या तोंडचीं हें लहान मूलहि सांगतें, आणि तीं लिहिलीं कोणीं असें विचारतांच वडीलधारी मंडळीसुद्धां एकमेकांकडे पाहूं लागतात. हें विस्मरण निरुपद्रवी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हा १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’तला प्रश्न ऐकला नाहीं असा मराठी माणूस विरळा. त्याबरोबर अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांचीं नांवें आपोआप येतात, आणि तें योग्यच आहे. पण ते संवाद वसंत सबनीस यांचे, ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या सबनिसांचे, हें किती जण सांगतील? कागदावर पाहिल्यास त्या प्रश्नांत विनोद मुळींच नाहीं. पत्ता विचारणाराचें तें साधें बोलणें आहे. जो माने स्वतःच घरमालकाच्या कृपेवर दिवस काढीत आहे, त्याच्याच दारीं आसरा शोधणारीं माणसें येऊन उभीं राहतात, यांत त्याची सारी गंमत आहे. बिऱ्हाड मिळेना म्हणून पुरुषांना साडी नेसावी लागते, ही त्या हास्यामागची कळ. ती जाग्यावर बसविणें हेंच लेखकाचें काम, आणि तेंच आम्हीं विसरलों.

याहून अधिक लूट ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ या वाक्याची झाली आहे. विजय तेंडुलकरांनीं लिहिलेला व जब्बार पटेल यांनीं दिग्दर्शित केलेला ‘सामना’ १९७५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत दाखविला गेला. त्यांतला व्यसनानें खंगलेला मास्तर साखर कारखान्याच्या धन्याला हा प्रश्न पुन्हां पुन्हां विचारतो. नाहींसा झालेल्या एका माणसाचा हिशेब तो मागत आहे. आज हेंच वाक्य हरवलेल्या छत्रीपासून रखडलेल्या बढतीपर्यंत कशासाठींहि थट्टेनें वापरलें जातें. सत्तेला अडचणींत टाकण्यासाठीं लिहिलेला प्रश्न आम्हीं करमणुकीचा केला. लेखक विसरला कीं प्रसंग विसरतो, आणि प्रसंग विसरला कीं वाक्याचा दांत पडतो.

मग वाक्यहि धड उरत नाहीं. १९७५ च्या ‘शोले’मध्यें ‘कितने आदमी थे’ हा प्रश्न गब्बर कालियाच्या टोळक्याला विचारतो. लोक मात्र तो सांबाला विचारल्याचें सांगतात. सांबाला विचारलें आहे तें सरकारनें लावलेल्या इनामाविषयीं. १९४२ च्या ‘कासाब्लांका’तलें म्हणून जगभर सांगितलें जाणारें, सॅमला पुन्हां वाजविण्यास विनविणारें वाक्य त्या चित्रपटांत त्या रूपांत कोठेंच नाहीं. पडताळून पाहण्यास छापील संहिता हाताशीं नसली म्हणजे असेंच व्हावयाचें.

यावर आक्षेप येतो तो असा कीं, वाक्य मोठें होतें तें नटाच्या आवाजानें; नुसत्या शब्दांत काय आहे? निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्याशिवाय ‘सामना’ उभा राहिला नसता, हें आम्हीं नाकारीत नाहीं. पण ‘एकच प्याला’तली सिंधु बालगंधर्वांनीं रंगभूमीवर अजरामर केली, म्हणून तिचे शब्द बालगंधर्वांचे झाले काय? ते गडकऱ्यांचेच राहिले. कारण नाटक छापलें गेलें व घरोघर वाचलें गेलें. दुसरा आक्षेप असा कीं, बोलपटाचे संवाद हें वाङ्मयच नव्हे. मग १९३६ च्या ‘छाया’साठीं खांडेकरांनीं, १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’साठीं अत्र्यांनीं लेखणी उचलली, ती लेखणी चित्रपटाच्या दारांत शिरतांच बाटली असें म्हणावयाचें कीं काय? सलीम-जावेद यांनीं १९७३ च्या ‘जंजीर’च्या वेळीं भिंतींवरील जाहिरातींवर आपलीं नांवें रंगवून घेतलीं. लेखकाला स्वतःचें नांव असें लावून घ्यावें लागावें, हें वाचकवर्गाला भूषणावह नाहीं.

शीवहून ट्रॉम्बेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चेंबुरास, राज कपूर यांनीं १९४८ सालीं स्थापिलेला आर. के. स्टुडिओ होता. सप्टेंबर २०१७ मध्यें त्याला आग लागली व जुने पोशाख भस्म झाले. २०१९ सालीं ती जागा घरें बांधणाऱ्या कंपनीनें घेतली. पोशाखांबद्दल पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. पण १९५१ च्या ‘आवारा’ची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्याबरोबर व्ही. पी. साठे यांनीं लिहिली, हें त्या फाटकावरून रोज जाणाऱ्या ट्रॉम्बेकर मराठी माणसांपैकीं कितीकांना ठाऊक होतें? पोशाख आगींत जळाले. हें नांव आगीवांचूनच गेलें.

पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण तेथील कपाटांतला कागद घरच्या फडताळांतल्या पुस्तकाची जागा घेऊं शकत नाहीं. तुरळक अपवाद सोडल्यास मराठी पटकथा वाचकापर्यंत पोंचत नाहींत. त्या नाटकांप्रमाणें छापल्या जाव्या, ग्रंथालयांनीं त्या ठेवाव्या, आणि वाक्य उद्धृत करणारानें नटाबरोबर लेखकाचेंहि नांव घ्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे. यांतल्या शेवटच्या गोष्टीला तर पैसाहि लागत नाहीं. ती आज रात्रीच्या जेवणापासून सुरू करतां येईल. आणि त्या वेळीं मारुती कांबळेचा प्रश्न कोणीं केलाच, तर तो कोणाला व कशासाठीं विचारला होता, हेंहि मुलांना सांगावें.