हौशी हातांची निष्ठा

कार्तिक शुद्ध एकादशीस जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ साली सुरू झालेल्या या परंपरेला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. दर्शनास लोटलेल्या समुदायाची दृष्टी साहजिकच रथाच्या उंचीकडे, त्यावरील सजावटीकडे आणि चाकाखाली मोगरी घालून त्या प्रचंड रथाला वळण देणाऱ्या कसलेल्या माणसांकडे असते. रथापुढे चालणाऱ्या भजनी मंडळींतील मृदंग वाजवणाऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः क्षणभर त्याच्याकडेही पाहावे. त्याच्यासारखे वादक कुठे केळीच्या बागेत राबणारे असतात, कुठे भुसावळला रेल्वेत नोकरी करणारे, तर कुठे शाळेत शिकवून निवृत्त झालेले. मृदंगावर त्यांचे पोट कधीच अवलंबून नव्हते. तरीही तीस-चाळीस वर्षे तो मृदंग त्यांच्या गळ्यातून उतरलेला नाही. या चिकाटीला आपण काय म्हणतो? 'हौस' म्हणतो, आणि विषय संपवतो.

'हौशी' या शब्दावर आपण मराठी भाषकांनी थोडा अन्यायच केला आहे. हौशी म्हणजे कच्चा, हौशी म्हणजे फावल्या वेळचा, असा अर्थ त्याला नकळत चिकटला. व्यावसायिक कलावंताच्या मोजपट्टीने हौशी वादकास मोजले की तो उणा ठरणारच. परंतु ती मोजपट्टीच मुळी त्याच्यासाठी नव्हे. व्यावसायिक वादकाला वाद्याशी बांधून ठेवणारी अनेक कारणे असतात : बिदागी, नाव, शिष्य, पुढच्या बैठकीचे आमंत्रण. हौशी वादकास यांपैकी एकही कारण नसते. आज पेटी उघडली नाही तर कोणी विचारणार नाही, हे ठाऊक असतानाही तो ती उघडतो. अशा माणसांची संख्या समाजात किती आहे, यावर त्या समाजाचे संगीतजीवन ठरते, असे आमचे मत आहे.

प्रस्तुत लेखक स्वतः चाळीसएक वर्षे पेटी वाजवतो आणि फारशी बरी वाजवत नाही, हे येथे कबूल केलेले बरे. त्यामुळे पुढील विवेचनाकडे वाचकांनी थोडे सावधपणे पाहावे. तथापि, दीर्घकाळच्या या सहवासातून एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. वाद्य ही निर्जीव वस्तू राहत नाही. खानदेशच्या हवामानात तर ती राहूच शकत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तबल्याचे कातडे वाळून ताणले जाते, स्वर आपोआप चढतो आणि एखादी जीर्ण वादी भर दुपारी तुटते. आषाढात तेच कातडे सैल पडते. मग गट्टे ठोकून ठोकून हात दुखतात. पेटीच्या लाकडी पट्ट्या दमट हवेने फुगतात आणि दाबलेली पट्टी वर येण्याचे नाकारते. भात्याच्या कातड्यावर उंदरांचा डोळा असतो. पितळी स्वरपट्टीखाली धुळीचा एक कण शिरला की नेमका हवा असलेला स्वर घोगरतो. मृदंगाच्या डाव्या पुडीला प्रत्येक वेळी नव्याने कणीक भिजवून लावावी लागते आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून काढावी लागते. वर्षानुवर्षे ही निगा राखणाऱ्याचे वाद्याशी जे नाते जडते, ते शेतकऱ्याच्या बैलाशी असलेल्या नात्याहून फार वेगळे नसते. त्याच्या खोडी ठाऊक असतात, त्याचे आजारपण ठाऊक असते, आणि ते दुसऱ्याच्या हाती गेले की जीव थाऱ्यावर राहत नाही.

अशा अनाम निष्ठेचे सामर्थ्य किती असते, याचा दाखला पेटीच्याच इतिहासात आहे. हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास त्याला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप मिळाले आणि ते देशभर पसरले. त्याचे स्वर ठरलेले, त्यावर मींड निघत नाही, आपल्या रागांच्या श्रुती त्यात सापडत नाहीत, हे आक्षेप खरे होते आणि आजही खरे आहेत. या आक्षेपांवर भर देऊन आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले. ही बंदी १९७१ नंतर टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. म्हणजे तब्बल तीन दशके, नभोवाणी हेच संगीताचे सर्वांत मोठे व्यासपीठ असताना, पेटीला तेथे प्रवेश नव्हता. एखादे वाद्य नामशेष व्हायला एवढा काळ पुरेसा असतो. पेटी मात्र नामशेष झाली नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली होती, संगीत रंगभूमीने तिला सांभाळले, हे तर खरेच; परंतु तिला खरा आश्रय मिळाला तो भजनी मंडळांत, देवळांच्या ओवऱ्यांत, प्राथमिक शाळांत आणि मध्यमवर्गीय घरांच्या माजघरांत. तेथील वादकांना बंदीची बातमी कळली असेल वा नसेलही. ते वाजवत राहिले. जळगावात आकाशवाणीचे केंद्र १९७६ साली सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून खानदेशात पेटीचे सूर घुमत होते. जे वाद्य नभोवाणीने नाकारले, ते हौशी हातांनी जिवंत ठेवले.

ही गोष्ट शहरांपुरती नाही आणि पेटी-तबल्यापुरतीही नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. कोकणा, भिल्ल आदी समाजांच्या या उत्सवात पावरी वाजते. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांतून सिद्ध होणारे हे वाद्य कोणत्याही दुकानात टांगलेले सहसा दिसत नाही. ते वाजवणारा वर्षभर शेतावर वा मजुरीवर असतो. उत्सवाच्या दिवसांत मात्र रात्र-रात्र चालणारे नाच त्याच्या श्वासावर उभे असतात. त्याने कोणती परीक्षा दिलेली नसते. परंतु त्याने पावरी खाली ठेवली तर उत्सव थांबेल, हे त्यालाही ठाऊक असते आणि गावालाही. त्याला 'हौशी' म्हणण्याचे धाडस आपण करू काय?

ज्यांना विद्वत्तेचा आधार हवा असेल, त्यांनी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र आठवावे. हिंदुस्थानी संगीताला शास्त्राची बैठक देणारे भातखंडे व्यवसायाने वकील होते. तरुणपणी ते सतार शिकले आणि १८८४ साली मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले, ते केवळ आवडीपोटी. पुढे त्यांनी वकिली सोडली आणि संगीताच्या शोधात देश पालथा घातला. परंतु मैफलीचे कलावंत ते कधीच झाले नाहीत. विख्यात पदार्थवैज्ञानिक सत्येंद्रनाथ बोस इसराज वाजवीत असत. त्यांच्या विज्ञानाला इसराजाने काय दिले, हे मोजता येणार नाही. मोजण्याची गरजही नाही. एवढे मात्र दिसते की, ज्यांच्यापाशी वेळेची सर्वांत जास्त टंचाई होती, त्यांनीही वाद्याला वेळ दिला.

मग आज चिंता कशाची? सकृद्दर्शनी चित्र उत्साहवर्धक आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसतात, आणि दहावीच्या निकालात अशा परीक्षांपोटी वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचा उत्साहही वाढला आहे. परंतु गुणपत्रिका हाती पडली की तबला पलंगाखाली जातो. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. पहिल्या तीन-चार पायऱ्यांवर गर्दी आणि वर शुकशुकाट, हे कोणत्याही संगीतशिक्षकास विचारून पाहावे. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच दुःखद आहे. विशारद झालेली मुलगी सासरी जाते, तिच्याबरोबर भांडीकुंडी जातात, कपाट जाते. तंबोरा किंवा पेटी मात्र माहेरच्या माळ्यावर राहते. पंचवीस वर्षांनी ती माळ्यावरून खाली काढावी, तर भाता फाटलेला आणि बोटे आखडलेली. आपण शिकवतो पुष्कळ. टिकवण्याची व्यवस्था मात्र करीत नाही.

टिकवण्यात अडचणी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. भिंतीपलीकडे कोणाचे बाळ झोपलेले असते, कोणाचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करीत असतो. संध्याकाळी सहाला तबल्यावर थाप पडली की सातला तक्रार येते. दुसरी अडचण दुरुस्तीची. सतार-तंबोऱ्यांसाठी मिरजेचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि तेथील या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. पण धुळ्यातील माणसाने तंबोऱ्याची जवार उतरली म्हणून मिरजेचा प्रवास करावा, ही अपेक्षा कितपत व्यवहार्य आहे? पूर्वी पुडी चढवणारा, पेटी सुरात लावून देणारा कारागीर हाकेच्या अंतरावर असे. आज त्याचा मुलगा त्या धंद्यात नाही, आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येत नाही. कारण वर्षातून चार पुड्यांवर संसार चालत नाही. वाद्य बिघडते, दुरुस्ती लांबते, सवय मोडते, आणि एका नात्याचा कोणाला कळूही न देता शेवट होतो.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. सुमार वादकांची एवढी काळजी कशाला? उत्तम कलावंत निपजले म्हणजे झाले. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण उत्तम कलावंत निपजतात कोठे? बालगंधर्वांनी लहानपणी काही काळ जळगावात राहून मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले, याचा जळगावकरांना सार्थ अभिमान आहे. त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह येथे आहे, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही येथे होतो. परंतु ज्या गावात गाणे शिकवणारा गुरू असतो आणि मुलाला त्याच्याकडे पाठवावे असे वडीलधाऱ्यांना वाटते, ते गाव काही आकाशातून पडत नाही. घराघरांत चालणाऱ्या सामान्य वादनानेच त्याचा कान तयार होतो. महोत्सवाच्या पहिल्या रांगेत बसून सम चुकल्याचे ओळखणारा श्रोता म्हणजे बहुधा घरी दहा वेळा सम चुकलेला वादकच असतो. श्रोत्यांची ही पिढी संपली तर महोत्सव होतील, मंडप सजतील, आणि दाद मात्र निवेदकाच्या इशाऱ्यावर मिळेल. अर्थात हौशी वादकाचेही एक कर्तव्य आहे. 'आम्ही काय, हौशी' या सबबीखाली बेसूर वाजवण्याची मुभा त्याने घेऊ नये. प्रेम असले की काळजीही असावी लागते.

उपाय अवघड नाहीत आणि फारसे खर्चाचेही नाहीत. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिकांच्या मालकीच्या शाळा सायंकाळी रिकाम्या असतात. त्यांतील एकेक खोली, आठवड्यातून तीन दिवस, दोन तास, कोणीही आपले वाद्य घेऊन यावे आणि वाजवावे यासाठी खुली ठेवता येईल. तेथे व्यासपीठ नको, दीपप्रज्वलन नको, पाहुण्यांचा सत्कार तर मुळीच नको. एक सतरंजी आणि एक पंखा पुरे. दुसरे असे की, मोठ्या महोत्सवांच्या संयोजकांनी खर्चाचा एक लहानसा भाग बाजूला काढून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, एखाद्या कुशल कारागिरास आठवडाभर येथे बोलवावे. गावोगावच्या भजनी मंडळांनी आपली वाद्ये त्या आठवड्यात आणली, तर कारागिराला काम मिळेल, वाद्यांना आयुष्य मिळेल, आणि कदाचित एखादा स्थानिक तरुण ती विद्याही उचलेल. तिसरी गोष्ट प्रत्येक घराने करावयाची आहे. माळ्यावरचे वाद्य खाली काढावे. ते वाजवणारे घरात कोणी नसेल तर शेजारच्या मंडळास द्यावे. पण अडगळीत कुजू देऊ नये.

माणूस वृद्ध होतो तेव्हा त्याच्या हातून एकेक काम सुटत जाते. नोकरी सुटते, शेत मुलांच्या हाती जाते, चष्म्याचा क्रमांक वाढून वाचन कमी होते. द्रुत लयीत चालणारी बोटेही मंदावतात. परंतु विलंबित एकताल किंवा साधे भजन वाजवायला फार वेग लागत नाही. चाळीस वर्षांच्या सहवासाने कोणता स्वर कोठे आहे, हे हातांना डोळ्यांवाचून कळते. ज्या वयात माणसाचा उपयोग काय, असा प्रश्न घरच्यांच्या नजरेत दिसू लागतो, त्या वयात त्याच्या शेजारी एक वाद्य असते आणि ते त्याला ओळखते. अशी ओळख उतारवयात बाजारात विकत मिळत नाही. ती तरुणपणी जोडावी लागते आणि मधली वर्षे सांभाळावी लागते. ती सांभाळण्याइतकी सवड आणि जागा आपल्या गावात शिल्लक आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगीतप्रेमींचा नाही. पुढच्या एकादशीस रथापुढे मृदंग ऐकू येईल, तेव्हा तो वाजवणाऱ्याच्या केसांचा रंगही आपण पाहावा, आणि त्याच्या शेजारी एखादा तरुण उभा आहे की नाही, हेही पाहावे.