मोटार बुटकी करावी का?

विद्यार्थी मित्रांनो, मोटार जमिनीलगत बसली की ती ऐटदार दिसते, अशी समजूत अनेक तरुणांत आढळते. त्यासाठी मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवतात. कोणी तर मूळ स्प्रिंगेचाच एखादा वेढा कापून टाकतात. शॉक ॲब्झॉर्बर मात्र जुनेच ठेवतात, कारण ते महाग पडतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यासारख्या भागात हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते माझे मत म्हणून स्वीकारू नका. शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाने पारखून घ्या.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. रस्त्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. धक्का झेलल्यावर ती वरखाली झोके घेत राहते. हे झोके थांबवणे, हे शॉक ॲब्झॉर्बरचे खरे काम होय. त्याच्या नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि हालचालीच्या ऊर्जेची उष्णता होते. याला अवमंदन म्हणतात.

आता एक प्रयोग करा. प्रयोगशाळेतील स्प्रिंगेला वजन टांगून ती किती लांबते ते मोजा. मग तीच स्प्रिंग मधल्या वेढ्याशी पकडून खालच्या अर्ध्या भागाला तेच वजन टांगा. लांबणे जवळजवळ निम्मे होईल. म्हणजे अर्धी स्प्रिंग दुप्पट ताठ असते. रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाचाच हा पडताळा आहे. सहा वेढ्यांपैकी एक कापला, तर ताठपणा ६/५ म्हणजे १.२ पट होतो.

एवढा ताठपणा पुरेल का? समजा, चाकाला वर सरकायला ८ सेंमी जागा होती. गाडी ३ सेंमी खाली बसवली. उरली ५ सेंमी. स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा तोच धक्का ५ सेंमीत झेलायचा, तर स्प्रिंग (८/५)², म्हणजे २.५६ पट ताठ हवी. १.२ पट ताठ स्प्रिंग अपुरी पडते आणि उरलेला धक्का थेट गाडीच्या सांगाड्यावर आदळतो.

मग २.५६ पट ताठ स्प्रिंग बसवावी? तेथे दुसरी अडचण उभी राहते. अवमंदनाचे गुणोत्तर ताठपणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २.५६ चे वर्गमूळ १.६. म्हणजे जुन्या शॉक ॲब्झॉर्बरचा प्रभाव १/१.६, अर्थात ६२.५ टक्केच उरतो. चाक उसळत राहते. टायर रस्त्यावरून उचलला गेला, की त्या क्षणी ब्रेकही निरुपयोगी आणि सुकाणूही.

यावर कोणी म्हणेल, शर्यतीच्या मोटारी बुटक्या असतातच ना? असतात. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते, हे खरेच. पण तो ५५ सेंमीवरून ५२ सेंमीवर आला, तर लाभ जेमतेम साडेपाच टक्के. शिवाय त्या मोटारी गुळगुळीत धावपट्टीवर धावतात आणि त्यांच्या स्प्रिंगा व शॉक ॲब्झॉर्बर जोडीनेच निवडलेले असतात. किंचित आखूड, किंचित ताठ स्प्रिंगांना चांगल्या डांबरी रस्त्यावर नवे शॉक ॲब्झॉर्बर सांभाळून घेतील, हेही मान्य. मात्र आमगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या खेड्यांत जाणाऱ्याला खडीचा रस्ता लागतो, पावसाळ्यात चिखलाची पांदणही लागते. गाडीत पाच माणसे आणि मागे धानाचे पोते असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंमी. गावोगावचे गतिरोधक पुष्कळदा त्याहून उंच असतात. तेथे गाडीचे पोट घासणारच.

कायद्याचेही भान ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले.

शिक्षकांना विनंती, की हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरच्या उभ्या मोटारीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. तो वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक. दोनतीनदा डोलला, तर शॉक ॲब्झॉर्बर थकला आहे. खर्च करायचाच, तर तो बदलण्यावर करायला घरच्यांना सांगा. मध्यरात्री आजारी आजीला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचे असेल, तेव्हा तिला गाडीची ऐट दिसणार नाही. प्रत्येक खड्डा मात्र जाणवेल.