खोल्या शाबूत, माणसे ओटीवर

आमच्या अंजनवेलला पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते. १९९९ साली ज्या गावाच्या शिवारात वीजप्रकल्प सुरू झाला, तिथे वीज जावी हा विनोद आता शिळा झाला. माझी तक्रार विजेविषयी नाहीच. वीज परत आल्यावर संगणक जे करतो, त्याविषयी आहे.

एकाच पडद्यावर अनेक ‘डेस्कटॉप’ मांडता येतात, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. एकावर निबंधाची टिपणे, दुसऱ्यावर पत्रव्यवहार, तिसऱ्यावर आणखी काही. कल्पना जुनीच. १९८६ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड यांनी अशी व्यवस्था रचली आणि तिला नाव दिले ‘रूम्स’. खोल्या! किती नेमके नाव! आपल्याकडे ओटी, माजघर, पडवी यांची कामे वेगळी असतात, तसेच हे.

विंडोज १० मध्ये ही सोय २०१५ साली आली. पण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला (कधी अपडेटच्या नावाखाली तो आपण होऊनही होतो!) की गंमत पाहावी. डेस्कटॉप शाबूत, त्यांची नावेही शाबूत. पण प्रोग्रॅम पुन्हा उघडले की त्यांच्या खिडक्या सहसा समोरच्याच डेस्कटॉपवर येऊन बसतात. घर उभे आहे आणि सारी माणसे ओटीवर दाटली आहेत.

“त्यात काय, दोन मिनिटांत लावून घ्या,” असे म्हणणारे भेटतात. मला हे मान्य नाही. मांडणी हाही कामाचाच भाग आहे. गोपाळगडाच्या टिपणाशेजारी मी दाभोळ खाडीचा नकाशा ठेवतो, कारण खाडीच्या मुखावरचा हा किल्ला नकाशाविना कळतच नाही. मजकूर जपला जातो; तो नकाशा शेजारी का होता, हे मात्र विसरायला होते.

अडचण खरी आहे. नव्याने उघडलेली खिडकी यंत्रणेला अनोळखी असते. आत कोणता मजकूर आहे हे प्रोग्रॅमला ठाऊक, ती कोणत्या डेस्कटॉपवर होती हे यंत्रणेला. दोघांचे बोलणे नाही. लिनक्सवरील केडीईत अमुक खिडकी अमुक डेस्कटॉपवरच उघडावी असा नियम घालता येतो, पण तो आपण घालायचा, आणि एकाच प्रोग्रॅमच्या चार खिडक्या असल्या तर शीर्षके जुळवत बसायचे. न मागता हवामान आणि बातम्या दाखवणाऱ्यांना एवढी नोंद ठेवणे जड जाऊ नये.