सुटलेला टाका

सुगीची घाई ओसरली की बेळगावच्या पश्चिमेकडील खेड्यांतून लोकरीचे दिवस सुरू होतात. नाताळ जवळ आलेला असतो आणि पहाटे अंगणात शेकोटी पेटवावी लागते. ग्वाल्हेरकडील आमचे वाचक या थंडीला हसतील, कारण त्यांच्याकडील थंडी खरी थंडी. तथापि एका स्वेटरापुरती थंडी आम्हांलाही मिळते.

अशाच एका दुपारी आम्ही एका घरच्या सोप्यावर बसलो होतो. भिंतीला टेकून पाच-सहा जणी विणीत होत्या आणि गावातील साऱ्या वार्ता आमच्या कानांवर पडत होत्या. शिवणकामात डोळे सुईच्या टोकाशी बांधलेले असतात. दोन सुयांच्या विणकामाचे तसे नाही. सुलट आणि उलट हे दोन टाके बोटांच्या अंगवळणी पडले की डोळे मोकळे, कान मोकळे, आणि जीभ तर त्यांहून मोकळी! शिवाय लडीचा गुंडा करावयाचा तर माणसे दोन लागतात. एकाने दोन्ही हातांवर लडी ताणून धरावयाची, दुसऱ्याने गुंडाळावयाची. धरणाऱ्यास तेवढा वेळ जागचे हलता येत नाही. म्हणून घरात अबोला असला की सासूने सुनेच्या हातांवर लडी चढवावी. गुंडा होईपर्यंत अबोला टिकत नाही, असे त्या मंडळींनी आम्हांस अनुभवाने सांगितले.

हे बायकांचे काम म्हणून नाक मुरडणाऱ्या पुरुष वाचकांच्या माहितीसाठी एवढेच लिहितो की, हातविणकामाचा इतिहास सांगणारा एक मान्यवर इंग्रजी ग्रंथ १९८७ साली लिहिला तो रिचर्ड रट यांनी. ते तेव्हा इंग्लंडातील लेस्टरचे अँग्लिकन बिशप होते आणि स्वतः विणीत असत. पुढे ते कॅथॉलिक झाले व धर्मगुरूही.

जर्मनीतील हँबुर्गच्या कलासंग्रहालयात सुमारे १४०० सालच्या एका वेदीवरील चित्रफलक आहेत. त्यांतील एका चित्रात पवित्र मरिया चार सुयांवर बाळाचा अंगरखा विणीत बसली आहे. गोल विणल्यामुळे त्याला कोठेही शिवण नाही. काम गळ्यापर्यंत आले आहे. शेजारी गवतावर बाळ येशू पुस्तक आणि भोवरा टाकून मान वळवून पाहतो आहे, कारण मागे दोन देवदूत उभे आहेत. त्यांच्या हातांत क्रूस, भाला, खिळे आणि काट्यांचा मुगुट! क्रूसाखाली शिपायांनी ज्या बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, असे योहान सांगतो, त्याचे स्मरण चित्रकाराने येथे करून दिले आहे. आईचे लक्ष मात्र टाक्यांवर आहे. मुलाच्या अंगी लागावे म्हणून कोणतीही आई बसते तशीच ती बसली आहे.

आपले विणलेले पुढे कोणाच्या अंगी लागते, हे विणणारीस नेहमीच दिसते असेही नाही. गेल्या शतकात परदेशांतील अनेक धर्मग्रामांतील स्त्रिया एकत्र बसून कुष्ठरुग्णांसाठी सुती धाग्याच्या पट्ट्या विणीत. साधारण ४ इंच रुंद व ४ फूट लांब अशी ही पट्टी मऊ असे, जखमेला हवा लागू देई आणि धुऊन-उकळून पुनःपुन्हा वापरता येई. अशा पट्ट्या आपल्या देशातील दवाखान्यांतही येत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचविला आणि आज हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो. परंतु ज्यांच्या जखमांना त्या पट्ट्या लागल्या त्यांचे तोंड विणणारीने कधी पाहिले नाही.

आता सोप्यावरील त्या दुपारीकडे वळतो. मंडळीत एक वृद्ध आजी होत्या. परगावी नोकरीस असलेल्या नातवासाठी त्या दर वर्षी स्वेटर विणतात. डोळ्यांनी आता फारसे दिसत नाही, त्यामुळे टाका सुटतो. आणि सुटलेला एक टाका वेळीच उचलला नाही तर शिडीच्या पायऱ्यांसारखा ओळीमागून ओळ खाली उसवत जातो. आजी विणकाम खाली ठेवून चहा करण्यास आत गेल्या. लगेच शेजारच्या बाईने त्यांचे काम मांडीवर ओढले, क्रोशाच्या सुईने तीन ठिकाणचे टाके वर आणले आणि सुया होत्या तशा ठेवून दिल्या. कोणी अवाक्षर काढले नाही. हे रोजचेच असावे.

निघताना आजी आम्हांस पोहोचवण्यास अंगणापर्यंत आल्या. त्यांच्या विणीची आम्ही मनापासून स्तुती केली. आजी हसल्या आणि सोप्याकडे एकदा पाहून हळूच म्हणाल्या, "माझी बोटं अजून आंधळी न्हाईत, बाबा. टाका सुटला की कळतंय मला. न्हाईतर पाच कप चहाला अर्धा तास कशाला लावू मी?"

आजींना अक्षर दिसत नाही, पण हे साप्ताहिक त्यांना वाचून दाखविणारी नात घरात आहे. म्हणून गावाचे नाव आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही.