वर्ग कशाचा भरवायचा, ते गावाला कुणी इचारलं?

दिवाळी झाली की आपल्या गावातली कितीतरी घरं कुलपं लावून उसाला जातात. आणि तालुक्याच्या गावी कौशल्याचा वर्ग नेमका तवाच सुरू होतो. मागल्या साली आमच्या पोरींची नावं शिलाईला लिहून नेली. महिनाभरात वर्गात उरल्या दोघी, बाकीच्या फडात. मंग साहेब म्हणतात, आदिवासी पोरांना शिकायची गोडीच नाही.

गोडी आहे. पण वर्ग कधी आणि कशाचा, हे आम्हाला कुणी इचारलं?

जिल्ह्याला त्यासाठी कौशल्य विकास कार्यकारी समिती आहे, अध्यक्ष जिल्हाधिकारी. आदिवासींच्या योजना कळमनुरीच्या प्रकल्प कार्यालयात. आपल्या गावातून तिथं एक तरी ठराव गेल्याचं आम्हाला ठाऊक नाही. घटनेची 73 वी दुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तिच्या 11 व्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय लिहिलेत. त्यातला 18 वा, तांत्रिक प्रशिक्षण आणि व्यावसायिक शिक्षण. सरपंचाला बी वाटतं, पंचायत म्हणजे रस्ता आणि नाली! विषय खाली किती सोडायचा ते राज्याच्या हाती ठेवलं, गोम तिथंच आहे. त्यात हिंगोली अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारी किनवटला पेसा, कळमनुरीच्या आंधांना नाही. पण ग्रामसभा तर आपल्याला बी आहे.

हळदीचंच बघा. वसमतला सरकारनं हळदीचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढलं. चांगलं झालं. पण हळद खणायला, शिजवायला, वाळवायला, पॉलिश करायला माणसं कुणाची? उसाला न गेलेली आपलीच. कंद पुरता शिजला का, ते आपली माय काडी टोचून सांगते. त्याला मजुरी म्हणतात, कौशल्य म्हणत नाहीत. खरं तर आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला द्यायची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेतच आहे. आपल्यापैकी किती जणांकडं तो दाखला आहे? ग्रामसभेत हात वर करायला सांगा.

काही गडी म्हणतात, आपली लढाई जमिनीची, शिलाईचं काय घेऊन बसलात. अरे, शिकवून पुण्याला धाडलेलं पोरगं वनहक्क समिती जागेवर पडताळणीला येते तवा गावात नसतं. पट्टा मिळाला तर तो विकता येत नाही, वारसांकडंच जातो. त्या जमिनीवर पोट भरायचं तर मोजणी येणारी, मोटार दुरुस्त करणारी, मोह आणि डिंक साफ करून भावानं विकणारी पोरं गावातच लागतात.

म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, माणसं उसाला जायच्या आत, ठराव लिहून घ्या. वर्ग पेरणी-निंदणी उरकल्यावर, गावच्या शाळेत, आणि कशाचा ते गाव सांगेल. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात बी तेच घाला. एक नक्कल जिल्हाधिकाऱ्यांना, एक कळमनुरीला. दोन्हीची शिक्क्यासकट पोच घ्या. पोच नसली की कागद आलाच नाही म्हणतात, हे आपण दाव्यांच्या वेळेला भोगलंय.