ऐट आमची, कान तुमचे

गेल्या महिन्यात माझा भाचा माझ्याकडे आला, तो खिशात दिवाळीचा बोनस आणि ओठांवर एक विनंती घेऊन. वर्षापूर्वी त्याने साडेतीनशे सी.सी.ची क्रूझर मोटारसायकल घेतली होती; आता तिचा कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा बसवायचा होता. "मामा, तुम्ही बरोबर चला. तुम्ही असलात म्हणजे आई काही बोलणार नाही," तो म्हणाला. समाजात शाळामास्तराचा एवढा तरी उपयोग उरला आहे, या समाधानात मी निघालो.

दुकान वाशीच्या बाजूला होते. भांड्यांच्या दुकानात कळशा टांगाव्यात तसे भिंतीवर सायलेन्सर टांगलेले. हा आखूड बाटलीचा, हा लांब बाटलीचा, हा इंदोरी, हा पंजाबी. दुकानदाराने एकेकाचा आवाज मोबाइलवर ऐकवला आणि अखेर एकावर थाप मारून म्हणाला, "सर, हा घ्या. आतली पुंगळीच काढलेली आहे. कोण आलंय ते अख्ख्या सेक्टरला कळेल!"

या एका वाक्याशी माझे भांडण आहे. बुलेटच्या आवाजाशी माझे वैर नाही; उलट जुना स्नेहच आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात एकच बुलेट होती. ती तीन शेतांपलीकडे असतानाच आम्ही पोरे वेशीकडे धाव घेत असू. 1955 साली मद्रासला या गाडीची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून तो आवाज या देशाच्या कानांत बसला आहे. सिलिंडर एकच, आणि क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक स्फोट. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला आठ ठोके पडतात. ते सुटे सुटे ऐकू येतात, म्हणून त्यांत आपल्याला काळजाची धडधड भासते. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने तर 1994 मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता. 2000 मध्ये तो अर्ज मागे घेतला. आवाजावर माणसाचा जीव जडतो, हे मला मान्य आहे.

पण गावात गाडी एक होती आणि भोवती रान होते. येथे नव्या मुंबईत इमारती एकमेकींच्या तोंडासमोर उभ्या आहेत, आणि वाशीपासून बेलापूरपर्यंत तो सरळसोट पामबीच मार्ग रात्री मोकळा पडतो. तेथे सुटलेला आवाज रानात विरत नाही. तो कुणाच्या ना कुणाच्या खिडकीतून आत येतो.

माझ्या वर्गात दहावीतली एक मुलगी रोज पहिल्या तासाला पेंगत असे. एके दिवशी मी तिला सगळ्यांदेखत उभे केले आणि आळसावर छानसे व्याख्यान दिले. ती काही बोलली नाही. नंतर तिची आई भेटली, तेव्हा कळले की घर अगदी रस्त्याला लागून आहे, आणि मध्यरात्रीनंतर मोटारसायकलींचे फटाके सुरू झाले की पोर उठून बसते. आळशी ती नव्हती. अडाणी मी होतो. त्या व्याख्यानाची लाज मला अजून वाटते.

सायलेन्सरवाल्यांचे युक्तिवाद मला आता पाठ झाले आहेत. पहिला असा की, पुंगळी काढली म्हणजे गाडीला जोर येतो. अहो, वीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाला असा कितीसा जोर येणार? एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज 6 गाड्यांत विषारी धूर सौम्य करणारे यंत्र आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. नळीसकट सगळे बदलले की इंधनाचे गणित बिघडते, ते नव्याने बसवावे लागते, आणि वॉरंटीवर पाणी सोडण्याची पाळी येते. वाढतो तो आवाज. जोराचा भास कानाला होतो.

दुसरा युक्तिवाद, मोठा आवाज जीव वाचवतो. पण सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि संकट येते पुढून! अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली; 1981 च्या त्यांच्या अहवालातही धोका बहुतेक वेळा स्वाराच्या समोरच होता.

तिसरा युक्तिवाद सर्वांत लाडका: पैसे माझे, गाडी माझी. खरे आहे. पण कान? 2005 पासूनच्या नियमांनी 175 सी.सी.वरच्या नव्या दुचाकीला चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा घातली. डेसिबल बेरजेने वाढत नाही. दहाने वाढला की ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणजे शंभर डेसिबलची गाडी ऐंशीच्या शंभरपट शक्ती लोकांच्या घरात ओतते. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा 2000 च्या नियमांनुसार 45 आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2005 मध्ये निर्वाळा दिला की, शांतपणे जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. गाडी तुमची असेल, रात्र सगळ्यांची आहे.

कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने ध्वनिप्रदूषणाचा कमाल दंड दहा हजारांवर नेला. पोरांना अडवून दंड होतो, जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरतो, त्याची छायाचित्रेही छापून येतात. पण भरदिवसा पाटी लावून तेच सायलेन्सर विकणाऱ्या दुकानाचे काय? वीस वर्षांच्या पोराला गुन्हेगार ठरवायचे आणि त्याला गुन्हा विकणाऱ्याला व्यापारी म्हणायचे, हा कुठला न्याय? रोडरोलर आधी त्या भिंतीकडे वळवा.

आणि आपणही साळसूदपणा करू नये. सुतळी बॉम्ब फोडणाऱ्या पोराला "वा रे पठ्ठ्या!" कुणी म्हटले? वरातीत भिंती हादरवणारे ध्वनिवर्धक कुणी लावले? आवाज म्हणजे पुरुषार्थ, हा धडा शाळेच्या पुस्तकात नाही. तो पोरे घरीच शिकली.

मग सायलेन्सर बदलूच नये काय? गंजला, फुटला तर जरूर बदलावा. पण आपल्या मॉडेलसाठी मान्य असलेला, पुंगळी शाबूत असलेला घ्यावा. निवड डोळ्यांनी खुशाल करावी. क्रोमचा हवा की काळा, ते आपल्या मर्जीवर. चमक शेजाऱ्याची झोप मोडत नाही. कानांनी निवड करायची असेल, तर समोरच्या इमारतीतल्या माणसांनाही दुकानात बरोबर न्यावे.

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. बोनस अजून भाच्याच्या खिशात आहे, आणि माझ्यावरचा राग नाकावर. भाऊबीजेला तो येईल तेव्हा हा लेख त्याच्या हाती देणार आहे. वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा भाचा असेल. त्याने बरोबर यायला सांगितले तर जरूर जा. पण निघण्यापूर्वी रस्त्याकडेच्या एखाद्या घरी त्याच्यासह रात्री एक तास बसून या.